रामकृष्णन कुणाचे?

२००९ च्या ऑक्टोबरात वेंकटरामन रामकृष्णन यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि भारतातून त्यांच्याकडे इतक्या ई-मेलांचा पाऊस पडला की त्यांनी उघडपणे वैताग व्यक्त केला. त्या वैतागातली एक तक्रार मजेशीर होती. चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात आपण यांना शिकवलं, असं सांगणारे लोक पुढे आले होते. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा खरा, पण ते गाव सुटलं तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते. बडोद्याचा दावा असा हवेतला नव्हता. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, भौतिकशास्त्र घेऊन ते बी.एस्सी. झाले. पण रायबोसोमच्या ज्या रचनेसाठी त्यांना टॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांच्यासह हा मान मिळाला, ते काम केंब्रिजचं. मधली वर्षं अमेरिकेतली. मग बडोद्याने छाती नेमकी कशाबद्दल फुगवायची? माझ्या मते फुगवायला कारण आहे, पण ते माजी विद्यार्थ्यांच्या यादीतल्या या नावात नाही. ते त्याच घरातल्या आणखी दोन नावांत आहे.

विद्यापीठाची थोरवी सांगायची म्हटलं की नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी पुढे येते, आणि हा रिवाज जगभरचा आहे. पण अशा यादीत ऋणाचं माप नसतं. ज्याला संस्थेने घडवलं तो आणि जो तिथून नुसता गेला तो, दोघे एकाच रांगेत उभे. ज्यातून हे विद्यापीठ उभं राहिलं त्या बडोदा कॉलेजचंच बघा. विनोबा भावे या कॉलेजचे विद्यार्थी होते हे खरं. पण १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याआधी आईच्या चुलीत त्यांनी आपली प्रमाणपत्रं जाळली होती. ज्याने दाखलेच जाळले त्याला आपला म्हणून मिरवायला धैर्य लागतं! याउलट कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने रदरफर्डचं नाव घ्यावं, त्यात काही वावगं नाही. ते तिथले विद्यार्थी नव्हते. १८९८ मध्ये प्राध्यापक म्हणून आले, १९०७ मध्ये गेले, आणि १९०८ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः त्या नऊ वर्षांत मॅकगिलच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाला. थोडक्यात, कोण इथून शिकून गेला यापेक्षा कोण इथे राहून काय करून गेला, हे विचारलं तर हिशेब चोख लागतो.

मॅकगिलचं नाव काढलं ते उगाच नाही. रामकृष्णन यांच्या आई राजलक्ष्मी यांची मानसशास्त्रातली पीएच.डी. मॅकगिलची, अवघ्या दीड वर्षात मिळवलेली. डोनाल्ड हेब यांच्यामुळे त्या काळी तिथला मानसशास्त्र विभाग जगात नावाजलेला होता. घरी लहान मुलगा असताना १९५० च्या दशकात एखाद्या भारतीय बाईने एकटीने कॅनडात जाऊन हे करावं, ही गोष्ट तेव्हा किती दुर्मीळ असेल याची कल्पना करता येते. वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी बडोद्यात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उभा केला. राजलक्ष्मीही पुढे त्याच विभागात आल्या आणि पतिपत्नींनी मिळून पोषणावर संशोधन केलं. गरिबाच्या घरात जे शिजतं, म्हणजे बाजरी, डाळी, पालेभाज्या, त्यातूनच मुलांना पुरेसं पोषण कसं देता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. महागडं दूध किंवा परदेशी पावडर यांवाचून काय साधतं, हे तपासायला बडोद्यासारखं शहर आणि भोवतालचा मुलूखच हवा होता. हे ज्ञान बडोद्यात तयार झालं आणि बडोद्याच्या प्रश्नावर तयार झालं. तरी मॅकगिलच्या किंवा बडोद्याच्या नामवंतांच्या यादीत राजलक्ष्मींचं नाव पहिल्या ओळीत सापडणार नाही; सापडलंच तर ‘नोबेल विजेत्याची आई’ म्हणून.

यावर कुणी म्हणेल, की मुलाला बडोद्याने काहीच दिलं नाही का? दिलं, आणि ते त्यांनी स्वतः नमूद केलं आहे. ते शिकायला आले तेव्हा भौतिकशास्त्र विभागाने अभ्यासक्रम नुकताच बदलला होता. बर्कलेची नवी पाठ्यपुस्तकं आणि जोडीला फाइनमन यांची व्याख्यानं लावली होती. म्हणजे जे दिलं ते जुन्या टिपणांवर भागवायला तयार नसलेल्या शिक्षकांनी. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो.

याच विद्यापीठाची ललित कला शाखा घ्या. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि लगेच १९५० मध्ये ही शाखा निघाली. त्यावेळी तिच्याकडे एकही माजी विद्यार्थी नव्हता, होते ते शिक्षक. इंदूरहून मुंबईमार्गे आलेले नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकलेला, शांतिनिकेतनात घडलेले शंखो चौधुरी शिल्पाला, पाठोपाठ के. जी. सुब्रमण्यन. हे सगळे बाहेरचे आणि स्वतः हात चालवणारे कलावंत. बेंद्रे वर्गात जे सांगत ते स्वतःच्या कॅनव्हासवर करून बघत असत, म्हणून १९५६ च्या सुमाराला शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ‘बडोदा ग्रुप’ उभा राहू शकला. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख इथे शिकले आणि इथेच शिकवू लागले. मुंबईत हिशेबनीस असलेले भूपेन खख्खर १९६२ मध्ये कलासमीक्षा शिकायला आले आणि बडोद्याचेच झाले. आता याचीच दुसरी बाजू. २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केलं. नामवंतांच्या यादीतलं एकही नाव त्या दिवशी कमी झालं नाही. तरी शाखेचं जे नुकसान झालं ते यादी वाचून कळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हे शिक्षक जमले ते सयाजीरावांच्या परंपरेमुळे आणि संस्थानाच्या तिजोरीमुळे. आज तसा राजा कुठून आणायचा? पैसा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या पैशाने काम झालं असतं तर प्रत्येक संस्थानाच्या राजधानीत असं काही उभं राहिलं असतं. १८९० मध्ये निघालेल्या बडोद्याच्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर हे रसायनाचे प्राध्यापक सूत्रं हाती धरून होते. धुंडिराज फाळके नावाच्या तरुणाचा ओढा त्यांनी ओळखला आणि छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्याच्या हवाली केली. पुढचा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना ठाऊक आहे. याच गज्जरांच्या तालमीतून कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन निघाले. त्यांनी १९०७ मध्ये सुरू केलेलं अलेंबिक आजही बडोद्यात उभं आहे. प्रयोगशाळेची किल्ली विद्यार्थ्याला द्यायला तिजोरी लागत नाही. गज्जर पुढे मुंबईला गेले, म्हणजे माणूस टिकवणं राजालाही नेहमी जमलं नाही, हेही लिहून ठेवावं.

हा सगळा वाद आज बडोद्यातल्या प्रतापनगरला थेट लागू होतो. रेल्वेच्या विभागीय कार्यालयामुळे शहराचा हा भाग रुळांशी बांधलेला. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम बैलांनी ओढलेली गाडी सुरू झाली, त्या गायकवाडी छोट्या रुळांचा वारसा याच भागाने सांभाळला. जवळच लालबागेत, प्रताप विलास राजवाड्यात, १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी प्रशिक्षणाला येतात, आणि त्याच आवारात २०१८ मध्ये रेल्वे व वाहतुकीची नवी शिक्षणसंस्था निघाली. २०२२ मध्ये तिचं गतिशक्ती विश्वविद्यालय झालं, तेही केंद्रीय. मिरवायला जुनी यादी नसलेलं हे विद्यापीठ १९५० मध्ये ललित कला शाखा जिथे होती त्याच टप्प्यावर उभं आहे. २०२३ मध्ये एअरबसशी करार झाला तेव्हा बातम्यांत नोकऱ्यांचा आकडा ठळक होता. विमानं आणि रूळ शिकवायला इथे कोण येणार, स्वतःचं संशोधन करायला त्यांना प्रयोगशाळा मिळणार का आणि ते किती वर्षं राहणार, हे मात्र बातमीत आलं नाही. प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या पालकांनी निदान तेवढं विचारायला हरकत नाही.