पदकाच्या कडेवरील अक्षरे

बेळगाव आणि आसपासच्या खेड्यांत 'आमचे पणजोबा मराठा सेंटरला होते' असे सांगणारी घरे पुष्कळ आहेत. या वाक्यात अभिमान असतो. पण पूर्वजाचा शोध घेण्यास एवढे पुरत नाही. हा शोध कसा घ्यावा, हे स्वतःच्या घरच्या उदाहरणाने सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढले. ते जिवंत परतले, परंतु भाऊबंदांत त्यांची ओळख 'शस्त्र टाकून आलेला' हीच राहिली. वडिलांनी त्यांचा विषय घरात कधी काढू दिला नाही. आजीने देव्हाऱ्यात जपलेले रुप्याचे पदक तेवढे पुढे माझ्याकडे आले. त्यावरील राजाची मुद्रा मी अनेक वर्षे पाहत होतो. कड मात्र कधी पाहिली नव्हती. एके दिवशी भिंग लावले, तेव्हा इंग्रजीत कोरलेली चार गोष्टी दिसल्या : क्रमांक, हुद्दा, नाव आणि '११० मराठा'.

शोधाचा आरंभ येथून होतो. कुटुंब माणसाला नावाने ओळखते. सैन्य त्याला क्रमांकाने आणि पलटणीने ओळखते. एका तालुक्यात एकाच नावाचे दहा शिपाई असू शकतात. एका पलटणीत एका क्रमांकाचा एकच असतो.

दुसरी पायरी पलटणीची. १९२२ साली सैन्याची पुनर्रचना झाली आणि जुने क्रमांक बदलले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या पलटणी झाल्या. ११४ वी दहावी, म्हणजे प्रशिक्षण पलटण होऊन बेळगावास आली. तेव्हा १९२२ पूर्वीच्या शिपायाला 'मराठा सेंटरचा' म्हणणे काळाच्या दृष्टीने चुकीचे ठरते.

मीही हीच चूक केली. सेंटरच्या संग्रहालयात जाऊन मी तिसऱ्या पलटणीची चौकशी केली. तेथील एका वयस्क सुभेदारसाहेबांनी पदक हातात घेऊन कड वाचली आणि म्हणाले, "सर, ही पलटण आता आमच्यात नाही. ती पॅराशूटवाल्यांकडे गेली." ते खरे होते. १९५२ साली ती पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ज्या दारात आपण उभे असतो, तेथून आपला माणूस कधीच पुढे गेलेला असतो, तो असा.

तिसरी पायरी इतिहासाची. एकेका शिपायाचे सेवापत्र आज हाती लागेलच असे नाही. पण पलटण कोठे होती हे कळते. ११० वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि १०३ व ११७ या पलटणींसह ती कुट-अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. सुटकेसाठी निघालेल्या फौजा पोहोचू शकल्या नाहीत. धान्य संपत आले, तेव्हा घोडे कापण्यात आले. ते मांस कित्येक हिंदी शिपायांनी धर्मभयाने दीर्घकाळ नाकारले आणि उपास काढले. अखेर सेनापती टाउनशेंड यांनी संपूर्ण फौजेसह शरणागती पत्करली. पुढे कैदेत अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले, आणि फार माणसे मेली.

म्हणजे शस्त्र एका शिपायाने टाकले नव्हते. सेनापतीच्या आज्ञेने सुमारे १३,००० माणसांनी ते खाली ठेवले होते. आमच्या घराने मात्र त्या सर्वांचा भार एकट्या आजोबांच्या माथी मारला. हे कळले तेव्हा वडील हयात नव्हते. त्यांना ते सांगता आले नाही, ही खंत आहे.

ज्यांचे पूर्वज परतले नाहीत, त्यांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहाव्यात. १९२९ च्या बसरा येथील स्मारकावर हिंदी शिपायांची नावे न कोरता केवळ त्यांची संख्या कोरली गेली. अशा विषम वागणुकीबद्दल आयोगाने २०२१ साली क्षमा मागितली. आयोगाच्या नोंदींत मात्र नावे आहेत, आणि पुष्कळदा बापाचे नाव व गावही आहे.

विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती की, घरी जुने पदक असेल तर ते मोडीत जाण्यापूर्वी त्याची कड वाचा, आणि आजी-आजोबा हयात असतील तर त्यांच्याशी या विषयावर आजच बोला.