पांझरेचे फड

धुळे जिल्हा म्हटले की लोकांना कापूस, दुष्काळ आणि टाळू भाजणारा उन्हाळा आठवतो. याच जिल्ह्यात तीनशे-चारशे वर्षे पाटाच्या पाण्यावर ऊस-गहू पिकवणारी गावे आहेत, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते. पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरांतून निघते आणि साक्री तालुका, नेर, धुळे शहर असे करत मुडावदला तापीला मिळते. या नदीवर, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, गावोगावी जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्याचा गावाने मिळून केलेला कारभार म्हणजे फड पद्धत.

बंधाऱ्याचे काम साधे. नदीच्या तळाशी खडक लागेल अशी जागा धरायची आणि दगड-चुन्याची आडवी भिंत घालायची. ही भिंत पाणी साठवत नाही, नुसते वळवते. पाणी थोडे वर चढते आणि काठावरच्या पाटात शिरते. पाट दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असतो. जमिनीचा उतार बघून तो असा आखलेला की पाणी आपल्या पायाने शेवटच्या वावरापर्यंत जाते. पाटातून चाऱ्या फुटतात आणि चाऱ्यांतून पाणी वावरात. उरलेले पाणी सांडव्याने पुन्हा नाल्यात. मोट नाही, इंजिन नाही, विजेचे बिलही नाही.

पण मला विचाराल तर बंधारा ही यातली दुय्यम गोष्ट. दगड-चुना जुन्या महाराष्ट्रात पुष्कळांना बांधता येत होता. खरी करामत पाटाखालच्या जमिनीच्या वाटणीत आहे. ही जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते. एक फड दहा हेक्टरांचा असू शकतो, दोनशेचाही. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकात ऊस असला तर दुसऱ्यात बाजरी-भुईमुगासारखे खरिपाचे, तिसऱ्यात गहू-हरभरा, आणि एखादा पडीक. पुढच्या वर्षी पिके फिरतात. कुठल्या फडात काय लावायचे ते गाव बसून ठरवते. शेतकऱ्याची जमीन सहसा वेगवेगळ्या फडांत तुकड्यांनी असते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा ऊस येतो, थोडा गहू येतो आणि थोडे पडीकही येते.

यात काय साधते? समजा, उसाला लागून कोणी हरभरा पेरला. उसाला पाणी सुटले की पाझर शेजारी उतरतो आणि हरभरा उभळतो. हरभरा काढून गाडी न्यायची तर वाट उसातून मागावी लागते, आणि वाटेवरून भांडण ठरलेलेच. सगळा फड हरभऱ्याचा असला म्हणजे पेरणी एकदम, पाणी एकदम, काढणी एकदम. सगळ्या फडाला मिळून कुंपण एकच, राखणदारही एकच. पिके फिरत राहिल्याने आणि अधूनमधून पडीक राहिल्याने जमिनीला विसावा मिळतो. सततच्या पाण्याने ती चोपण होत नाही.

कारभाराला गावाने नेमलेली माणसे असतात. पाटकरी पाटाचे पाणी सांभाळतो. जागल्या पीक राखतो आणि गुरे हाकलतो. वरून देखरेखीला हवालदार. बारे देणारा बारेकरी फावडे घेऊन चारीच्या तोंडाशी उभा राहतो. दोन फावडी माती ओढली की दार फुटते आणि पाणी सरीत धावते. सरी भरली की तीच माती परत दाबून पुढचे दार. मालक वावरात हजर असायलाच हवा असे नाही. कुणाच्या वावरात किती पाणी जावे हे मालकाच्या हातात ठेवलेलेच नाही, हीच तर खुबी. या माणसांना पूर्वी मोबदला पिकातून मिळे. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, ज्याची जमीन जास्त त्याचे काम जास्त.

नदी आटलेल्या वर्षी या व्यवस्थेचा कस लागतो. चार फडांना पाणी पुरणार नसेल तर दोनच भिजवायचे, नाहीतर एकच. प्रत्येकाचा थोडा तुकडा भिजलेल्या फडात असतो, म्हणून तूटही सगळ्यांत वाटली जाते. पाटाच्या तोंडाशी असलेला श्रीमंत आणि शेपटाकडचा कोरडा, हे आपल्या मोठमोठ्या कालव्यांवरचे नेहमीचे चित्र इथे टळते. बालीच्या भातशेतीतली ‘सुबक’ ही पाणीवाटप व्यवस्था 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जगभरचे लोक ती बघायला जातात. पांझरेचे फड बघायला धुळ्याची एसटी पुरते.

मग फड मोडत का गेले? वरच्या अंगाला धरणे झाली, पिंपळनेरजवळचे लाटीपाडा त्यातले एक. नदीचा बारमाही झरा कमी झाला. पण जास्त घाव विहिरीने घातला. विहीर आणि विजेची मोटर आली की पाणी आपले आणि पीकही आपल्या मर्जीचे. भाव बघून कांदा लावणाऱ्याला ‘यंदा या फडात गहू’ हे कोण ऐकवणार? त्याला दोष देता येत नाही. पोरांची फी गावकीच्या ठरावावर भरली जात नाही. वाटण्या होऊन तुकडे इतके बारीक झाले, की चार फडांत चार तुकडे ठेवणे हीच अनेकांना अडचण वाटू लागली.

महाराष्ट्राने 2005 साली सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि पीक कुठले घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे, असे त्याचे सूत्र. फडात नेमके उलटे होते. तिथे पीक गावाने ठरवले म्हणून पाणी मोजायची वेळच आली नाही. कायद्याच्या बाजूने भाषणे करताना अनेकदा फडाचा दाखला दिला जातो. तो देणाऱ्यांनी ही अट सांगायला विसरू नये.