सिलिॲक रोग : बालके व प्रौढांमधील स्वरूप आणि निदानाची शास्त्रीय पद्धती

प्रस्तावना

गहू हे मानवाच्या प्रमुख अन्नधान्यांपैकी एक आहे. बहुसंख्य लोकांना पोषण देणारे हे धान्य काही व्यक्तींच्या लहान आतड्याला मात्र सतत इजा पोहोचवीत असते. या विकारास वैद्यकशास्त्रात सिलिॲक रोग असे म्हणतात. हा रोग म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे किंवा साधे अपचनही नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर आघात करते अशा स्वयंप्रतिकारक विकारांच्या वर्गात त्याची गणना होते. त्यावर आहारनियमन हा प्रभावी उपाय उपलब्ध असूनही अनेक रुग्णांचे निदान वर्षानुवर्षे होत नाही. लक्षणांचे फसवे स्वरूप आणि तपासणीपूर्वीच गहू सोडण्याची प्रवृत्ती ही त्यामागील दोन महत्त्वाची कारणे आहेत. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप आणि त्याच्या निदानाचा योग्य क्रम यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

'सिलिॲक' हा शब्द उदर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. कॅपाडोशिया येथील ॲरेटिअस या प्राचीन ग्रीक वैद्याने अशा प्रकारच्या दीर्घकालीन अतिसाराचे वर्णन केले होते. आधुनिक काळात लंडनमधील वैद्य सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये बालकांमधील या विकाराचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. परंतु कोणता अन्नघटक दोषी आहे हे तेव्हा ज्ञात नव्हते. १९२४ मध्ये अमेरिकेतील सिडनी हास यांनी केळ्यांवर आधारलेला आहार सुचविला. त्याने मुले सुधारत, मात्र सुधारणेचे श्रेय केळ्यांना दिले गेले. आहारातून गहू वगळला गेला होता, याकडे लक्ष गेले नाही.

हे कोडे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडले. १९३० च्या दशकापासून ते गहू व या रोगाचा संबंध अभ्यासत होते. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे पावाचा तीव्र तुटवडा निर्माण झाला होता. त्या काळातील निरीक्षणांनी त्यांच्या मताला बळ दिले आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. पुढे १९५० च्या दशकात लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा तोंडावाटे नळी घालून काढण्याचे तंत्र विकसित झाले आणि रोगामुळे होणारी हानी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागली.

रोगाची प्रक्रिया

ग्लुटेन हे गव्हातील प्रथिनसमूहाचे नाव असून बार्ली व राय या धान्यांतही तत्सम प्रथिने असतात. या प्रथिनांचे पचन पूर्ण होत नाही व त्यांचे काही लांब तुकडे आतड्यात शिल्लक राहतात. निरोगी व्यक्तीस त्याचा त्रास होत नाही. परंतु एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ या जनुकीय प्रकारांचा वारसा असलेल्या काही व्यक्तींत टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर या तुकड्यांत रासायनिक बदल घडवते आणि प्रतिकारपेशी त्यांना शत्रू समजून प्रतिसाद देतात. त्याच वेळी या विकराविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात.

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषून घेणारे क्षेत्रफळ मोठ्या प्रमाणात वाढते. सिलिॲक रोगात हे रसांकुर आखूड होत जाऊन अखेरीस सपाट होतात. परिणामी लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम, स्निग्ध पदार्थ व जीवनसत्त्वे यांचे शोषण घटते. म्हणजेच पुरेसे अन्न घेऊनही शरीर उपाशी राहते.

हा जनुकीय वारसा साधारण लोकसंख्येतील ३० ते ४० टक्के व्यक्तींत आढळतो. रोग मात्र त्यांतील थोड्यांनाच होतो. म्हणून जनुकीय चाचणी सकारात्मक आल्याने रोग सिद्ध होत नाही. ती नकारात्मक आल्यास मात्र हा रोग नाही असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते.

बालकांमधील लक्षणे

आहारात गव्हाचे पदार्थ सुरू झाल्यानंतर काही महिन्यांत दीर्घकाळ चालणारे जुलाब, फुगलेले पोट, कृश हातपाय, वजन न वाढणे आणि चिडचिडेपणा ही लक्षणे दिसणे हे या रोगाचे परिचित चित्र आहे. परंतु मोठ्या मुलांत पोटाचे विकार नसतानाही रोग असू शकतो. वयाच्या मानाने कमी उंची, औषधांना दाद न देणारा रक्तक्षय, दातांच्या आवरणातील दोष, उशिरा येणारे वयात येणे किंवा दीर्घकालीन बद्धकोष्ठता एवढेच लक्षण असू शकते. भारतात अशा मुलांचे निदान 'कुपोषण' किंवा 'जंत' या शब्दांवर थांबण्याचा धोका असतो.

प्रौढांमधील लक्षणे

हा केवळ बालरोग आहे, हा समज चुकीचा आहे. तो कोणत्याही वयात प्रकट होऊ शकतो. प्रौढांत लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, सततचा थकवा, पोट फुगणे, हाडांचा ठिसूळपणा, वारंवार होणारे तोंडातील व्रण, वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात, यकृताच्या चाचण्यांतील अस्पष्ट बिघाड आणि क्वचित तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. कोपर, गुडघे व नितंब यांवर उठणारे तीव्र खाजरे पुरळ हेही याच रोगाचे त्वचेवरील रूप आहे. भारतीय स्त्रियांत रक्तक्षय इतका सामान्य आहे की त्याचे मूळ शोधण्याची गरजच भासत नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर आतड्यातील शोषणाचा विचार व्हावयास हवा.

टाइप १ मधुमेह, थायरॉइडचे स्वयंप्रतिकारक विकार, डाउन सिंड्रोम व टर्नर सिंड्रोम असलेल्या व्यक्ती, तसेच रुग्णांचे आईवडील, भावंडे व मुले यांच्यात या रोगाची शक्यता अधिक असते. लक्षणे नसली तरी त्यांची तपासणी उपयुक्त ठरते.

निदानाचा क्रम

निदानाची पहिली पायरी म्हणजे रक्ततपासणी. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडांची चाचणी ही सर्वांत विश्वसनीय प्राथमिक चाचणी मानली जाते. या विकराचा रोगाशी असलेला संबंध १९९७ मध्ये स्पष्ट झाल्यानंतर ती रूढ झाली. तिच्याबरोबर एकूण आयजीए मोजणे आवश्यक असते. कारण काही रुग्णांत मुळातच आयजीए कमी असते आणि त्यामुळे चाचणी खोटी नकारात्मक येते. अशा वेळी आयजीजी वर्गातील चाचण्यांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरी पायरी म्हणजे एंडोस्कोपीद्वारे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून ऊतींचे नमुने घेणे. हानी सर्वत्र सारखी नसल्यामुळे एकाच नमुन्यावर विसंबता येत नाही. अनेक ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात. प्रौढांमध्ये ही तपासणी आजही निदानाचा मुख्य आधार आहे.

बालकांच्या बाबतीत युरोपीय बालजठरांत्र तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये मर्यादित प्रमाणात आणि २०२० मध्ये अधिक व्यापक स्वरूपात बायॉप्सीविना निदानास मान्यता दिली. प्रतिपिंडांची पातळी सामान्य मर्यादेच्या दहा पट किंवा अधिक असणे आणि दुसऱ्या स्वतंत्र रक्तनमुन्यात एंडोमायसियलविरोधी प्रतिपिंडे आढळणे, या त्यातील प्रमुख अटी होत. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या चाचणीसंचांचे निष्कर्ष सारखे नसतात. म्हणून हा निर्णय पालकांशी विचारविनिमय करून तज्ज्ञानेच घ्यावयाचा असतो.

उलट बाजूने, केवळ सपाट झालेले रसांकुर पाहूनही निदान करता येत नाही. उष्णकटिबंधीय स्प्रू, जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग इत्यादी भारतात आढळणाऱ्या विकारांतही तशीच हानी दिसू शकते. रक्ततपासणी, ऊततपासणी आणि आहारबदलानंतरचा प्रतिसाद यांचा एकत्रित विचार म्हणूनच अपरिहार्य ठरतो.

तपासणीपूर्वी गहू सोडण्याचा दोष

या सर्व चाचण्या रुग्ण नियमितपणे ग्लुटेन घेत असतानाच अर्थपूर्ण ठरतात. गहू बंद केल्यावर प्रतिपिंडे हळूहळू घटतात, रसांकुर पूर्ववत होऊ लागतात आणि रोग असूनही अहवाल 'सामान्य' येऊ शकतो. त्यानंतर निदान करावयाचे झाल्यास रुग्णाला काही आठवडे पुन्हा गहू खाऊन त्रास सोसावा लागतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीपूर्वी किमान ६ आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असणे अपेक्षित आहे. वजन घटविण्यासाठी किंवा ऐकीव सल्ल्यावरून गहू वर्ज्य करण्याची प्रथा वाढत असताना ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. 'गहू सोडल्यावर बरे वाटले' हे निदान नव्हे. आयुष्यभराचे पथ्य स्वीकारण्यापूर्वी त्याची खात्री झालेली असणे आवश्यक आहे.

भारतीय संदर्भ

भारतातील तीन प्रदेशांच्या प्रौढांवरील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रोगाची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के व्यक्तींत आढळली. जनुकीय प्रवृत्तीचे प्रमाण तिन्ही ठिकाणी फारसे भिन्न नव्हते. गव्हाचे दैनिक सेवन मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, तर ईशान्येत ३७ व दक्षिणेत २५ ग्रॅम होते. आहारातील बदल रोगाच्या प्रमाणावर परिणाम करू शकतो, असे यावरून सूचित होते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा अनेक घरांत चपाती, पाव व बिस्किटांनी घेतली असल्याने महाराष्ट्रातही या विषयाची दखल घेणे आवश्यक आहे.

पथ्याच्या दृष्टीने महाराष्ट्रीय स्वयंपाकघर अनुकूल आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा व सर्व डाळी ग्लुटेनमुक्त आहेत. परंतु रवा, मैदा, शेवया व लापशी हे गव्हाचेच प्रकार होत. खपली गहूही गहूच असल्याने तो चालत नाही. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो आणि थालिपिठाच्या भाजणीत अनेकदा गहू असतो. गहू दळल्यानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीच्या पिठातही ग्लुटेन मिसळते.

निष्कर्ष

सिलिॲक रोगावर औषध नसले तरी उपाय निश्चित आहे : ग्लुटेनचा संपूर्ण व आजीवन त्याग. त्यामुळे आतडे भरून येते, मुलांची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होते आणि हाडांची झीज, वंध्यत्व व क्वचित उद्भवणारा आतड्याचा कर्करोग यांचा धोका घटतो. मात्र एवढे कठोर पथ्य निश्चित निदानावरच आधारलेले असावे. वाढ खुंटलेले मूल किंवा सतत थकलेली, रक्तक्षयाने ग्रस्त विद्यार्थिनी शिक्षकांच्या रोजच्या दृष्टीस पडते. 'आधी तपासणी, मग पथ्य' हा क्रम पालकांना समजावून देणे, हे वैद्यकीय क्षेत्राबाहेरील शिक्षकालाही सहज करता येण्याजोगे कार्य आहे.