बलकाची एक ओळ

कर्जतहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये कुणी वाचत बसलेलं असलं, तर त्याचे डोळे जरा निरखून बघा. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून सरळ सरकत जाते. छे! ती चक्क उड्या मारते. १८७९च्या सुमारास फ्रान्समध्ये एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट ध्यानात आली. नजर एका जागी साधारण पाव सेकंद टेकते आणि पुढे झेपावते. झेप चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही!

थोडक्यात, डोळा म्हणजे फास्ट लोकल. मोठ्या शब्दांवर थांबा, ‘तर’, ‘पण’, ‘की’ बहुतेक वेळा गाळलेले. फरक इतकाच की ही गाडी उलटीही धावते. सराईत वाचकाच्याही दहा उड्यांतली एखादी मागे जाते, बऱ्याचदा अर्थ कुठेतरी अडला म्हणून.

असं अडणं किती मोलाचं असतं? ब्राह्मी लिपीचंच बघा. आपल्या देवनागरीची ही पूर्वज, पण शतकानुशतकं ती कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारे जेम्स प्रिन्सेप सांचीच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे न्याहाळत होते. लेख काही केल्या लागत नव्हते. तरी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत भरली : बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं! स्तूपाच्या दगडांवर इतक्या वेळा काय बरं लिहिलं असेल? देणगी! ‘दानं’. आणि त्याच्या आधी वारंवार येणारं अक्षर? ‘स’, म्हणजे ‘अमक्याचं’. अमक्याचं दान. कुलूप उघडलं.

आता ही किल्ली घेऊन कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांत चला. राजमाचीच्या पायथ्याशी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही लेणी. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एका भव्य मूर्तीचा अवशेष आहे. चेहरा पार झिजलाय, पण शिरोभूषणाचं बारीक काम अजून ओळखू येतं. खांद्याजवळ ब्राह्मीत एकच ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’.

पहिल्याच शब्दाच्या शेवटी बघा, तोच सांचीचा ‘स’! कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा. पण शेवटी ‘दानं’ नाही. तिथे आहे ‘कतं’, म्हणजे केलं. घाईत वाचणारा म्हणेल, असेल आणखी एक दाता. थबकलेल्या वाचकाला मात्र माणूसच दुसरा भेटतो : कण्हाचा शिष्य बलक, ज्यानं हे घडवलं. लेण्यांच्या भिंतींवर देणाऱ्यांची नावं भरपूर सापडतात, घडवणाऱ्याचं क्वचित. तो कुणाकडे शिकला, हेही इथे कळतं. आणि हे सगळं अवघ्या चार शब्दांत!

सावध वाचनाला मोठी विद्वत्ता लागत नाही. वर्तमानपत्राचा अग्रलेख असो, बँकेचा करार असो की कादंबरी, हातात पेन्सिल घ्या आणि दोनच प्रश्न विचारा : इथे पुन्हा पुन्हा काय येतंय? आणि ते नेमकं कुठे बदलतंय? बदललेल्या जागी खूण करा, बिनधास्त मागे जा, पुन्हा वाचा. चार पानं कमी वाचून झाली तरी चालतील.