खेळाडूचा ठावठिकाणा

उत्तेजक द्रव्यांची चाचणी केवळ स्पर्धेच्या दिवशी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नोंदणीकृत चाचणी-यादीतील खेळाडूने आपला मुक्काम, सरावाचे ठिकाण आणि दररोज पहाटे ५ ते रात्री ११ यांमधील एक निश्चित तास दर तिमाहीस आगाऊ कळवावयाचा असतो. तपासनीस पूर्वसूचनेविना येतो. १२ महिन्यांत तीनदा चूक झाल्यास, द्रव्य न घेताही, सामान्यतः दोन वर्षांपर्यंत बंदी येते.

१०० मीटर धावण्यातील २०१९ चा जगज्जेता, अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन, त्याच डिसेंबरात नेमक्या त्या तासाला नाताळच्या खरेदीस गेला होता. ती तिसरी चूक ठरली. त्याच्या नमुन्यात द्रव्य कधी सापडलेले नव्हते! लवादाने बंदी १८ महिन्यांवर आणली. टोकियो ऑलिंपिक मात्र हुकलेच.

आपल्याकडे २०२२ च्या कायद्याने या चाचण्यांना वैधानिक आधार दिला आहे. यादीतील खेळाडू लग्नकार्यासाठी गावी आला, तरी तेथील पत्ता त्याने आधी कळवावयास हवा.