पदवीची किंमत आणि पदवीचे मोल

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या विहारातील मार्गदर्शन वर्गात पालक एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाने वा मुलीने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन कामाला लागावे, की पदवीपर्यंत शिकावे? म्हणजेच पुढच्या शिक्षणावर घातलेला पैसा परत येतो का? काही मंडळींना शिक्षणाच्या बाबतीत असा हिशेब करणे कमीपणाचे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. परमपूज्य बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांनी रुपयाचा हिशेब टाळू नये.

मागे एक गवंडी बांधव मुलाला घेऊन आमच्याकडे आले होते. मुलगा पदविका उत्तीर्ण झालेला. एका दलालाने व्यवस्थापन कोट्यातील जागा देऊ केली होती आणि त्यासाठी राहते घर गहाण टाकण्याची त्यांची तयारी होती. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधणारा माणूस स्वतःचे घर पणाला लावीत होता. त्या दिवशी कागदावर जो हिशेब मांडला, तोच येथे देत आहोत.

काळाचा हिशेब

दहावीनंतर पदविका तीन वर्षांची. बारावीमार्गे पदवी घ्यायची तर दोन अधिक चार, अशी सहा वर्षे. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतल्यास तीन अधिक तीन, म्हणजे पुन्हा सहाच वर्षे. वेळ तोच, पण पदविकेच्या मार्गात तिसऱ्या वर्षी हाती कमाईचे एक प्रमाणपत्र असते. घरात अडचण आली तर तेथे थांबता येते. या मार्गाची एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. पदविकेच्या विद्यार्थ्याचे गणित कच्चे राहते आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षी तो तेथेच अडखळतो. प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत गणिताचा अभ्यास केलाच पाहिजे.

पैशाचा हिशेब

फी हा खर्चाचा एकच भाग होय. शिकण्याच्या काळात बुडालेली कमाई हा दुसरा भाग, आणि तो बहुधा मोठा असतो. समजा, पदविकाधारकास साइटवर दरमहा १५,००० रुपये मिळतात. तीन वर्षांत ही रक्कम ५,४०,००० होते. समजा, पदवीची फी वर्षाला एक लाख. तीन वर्षांचे तीन लाख. एकूण त्याग ८,४०,००० रुपयांचा झाला. जेवणखाण नोकरीतही लागतेच, म्हणून ते धरलेले नाही. पदवीमुळे पगार दरमहा ७,००० रुपयांनी वाढला, तर वर्षाला ८४,००० जास्त मिळतात. म्हणजे मुद्दल वसूल व्हायला दहा वर्षे लागतात. फी माफ झाली, तर तीच वसुली साडेसहा वर्षांच्या आत होते.

आणखी एक गोष्ट आहे. त्या तीन वर्षांत पदविकाधारकाचा अनुभव व पगारही वाढलेला असतो. नव्या पदवीधरास सुरुवातीला त्याच्याइतकाच पगार मिळणे शक्य आहे. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या नियमांत पदवीधराचे किमान विद्यावेतन ९,००० आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरले. फरक अवघा हजाराचा! पहिल्या पगारावरून पदवीचे मोल ठरविणारा फसतो, तो असा.

दारांचा हिशेब

पदवीचे खरे मोल ती कोणती दारे उघडते यात आहे. राज्य शासनातील कनिष्ठ अभियंत्याचे पद पदविकेवर मिळते. सातव्या वेतन आयोगात त्याचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेला मात्र पदवीच लागते. तिच्यातून मिळणाऱ्या सहायक कार्यकारी अभियंत्याच्या पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून आहे. मूळ वेतनातच दरमहा १७,५०० चा, म्हणजे वर्षाला २,१०,००० रुपयांचा फरक पडतो. संरचना अभियंता म्हणून इमारतीच्या आराखड्यावर सही करायची, तरी पदवी हवी. अर्थात अशा जागा थोड्या आणि उमेदवार फार. ज्याची परीक्षेची तयारी आहे किंवा ज्याला संरचनेच्या कामात गोडी आहे, त्याने पदवी घ्यावी. ज्याला साइटवरच रमायचे आहे, मोजमापे, बिले आणि माणसे सांभाळून पुढे ठेकेदारी करायची आहे, त्याची पदविका कमी मोलाची नाही.

कागदपत्रांचा हिशेब

आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडतो तो शिष्यवृत्तीने. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यावर असल्यास राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ साली सुरू झालेली स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तीत वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद करण्यात आली. परंतु व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणाऱ्यास शिष्यवृत्ती मिळत नाही. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. त्यासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेवर हाती हवे. धम्म स्वीकारलेल्या आपल्या समाजाला अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी १९५६ पासून १९९० च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. ती सवलत एका कागदाअभावी घालवणे हा आपलाच अपराध होय.

महाविद्यालयास एआयसीटीईची मान्यता आहे ना, हेही पाहावे. पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या जाहिरातींना भुलू नये. अशा पदव्यांच्या प्रश्नावर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि हजारो विद्यार्थ्यांची वर्षे पणाला लागली.

त्या गवंडी बांधवांच्या बाबतीत असे निघाले की, मुलाचा पडताळणीचा अर्जच केलेला नव्हता आणि कोट्यातील जागेसाठी चार लाखांचे कर्ज घ्यावे लागणार होते. दहा टक्के दराने वर्षाचे व्याजच ४०,००० रुपये. पदवीने वाढणाऱ्या पगाराचा जवळजवळ अर्धा भाग त्यातच गेला असता. आम्ही एवढेच सुचविले की, मुलाने एक वर्ष साइटवर काम करावे, त्या काळात पडताळणी पूर्ण करावी व पुढील वर्षी केंद्रीय प्रक्रियेतून अर्ज भरावा. तसे झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला, फी माफ झाली, आणि घर गहाण पडले नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्याचा. मुलांचे शिक्षण हे आपल्या समाजाचे सर्वांत मोठे भांडवल आहे. त्यात ते दोन भाग खुशाल घालावेत. चौथा भाग मात्र दलालाच्या हाती देऊ नये. निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी व विद्यार्थ्यांनी एकत्र बसून हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडावा. कागद घेऊन विहारात या. आम्ही बरोबर बसू.

जयभीम!