नाव एमपी४, आत काय?

पेन ड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला की सनई ऐकू येते, पण पडदा काळाच. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मात्र तीच फाइल व्यवस्थित चालते. नावापुढे ‘.एमपी४’ असल्यामुळे टीव्हीच बिघडला असे वाटते. पण फाइलच्या आत काय आहे, हे त्या एक्स्टेन्शनवरून फारसे कळत नाही.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे कंटेनर. चित्र, आवाज, सबटायटल एका फाइलमध्ये कसे मांडायचे आणि कोणत्या चित्राशी कोणता आवाज जुळवायचा, ही व्यवस्था त्यांची. चित्र कमी जागेत साठवायचे आणि पाहताना पुन्हा उलगडायचे, हे काम कोडेकचे. एमपी४मध्ये २००३चा एच.२६४ असू शकतो, तसाच २०१३चा एच.२६५ किंवा २०१८चा एव्ही१. जुन्या टीव्हीच्या चिपला पहिला उलगडता येतो, पुढचे बहुधा नाहीत. आवाजाचा कोडेक वेगळा, म्हणून सनई वाजत राहते.

एवढा खटाटोप का? फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाला नऊ जीबीहून अधिक जागा लागेल! फोन तेवढेच चित्रण शंभर-सव्वाशे एमबीत बसवतो.

यामागच्या गणितात मोठा वाटा बंगळुरूमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांचा. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही, तरी अहमद यांनी विषय सोडला नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. चित्राच्या लहानशा चौकोनातली माहिती या गणिताने मोजक्या आकड्यांत एकवटते. उरलेले बारकावे ढोबळ केले तरी डोळ्याला सहसा जाणवत नाही. जेपीईजी फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, एच.२६४ हे सगळे याच पायावर उभे आहेत. अहमद यांचे नाव आपल्याकडे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे.

दुसरी बचत होते ती काळाच्या अंगाने. पूर्ण फ्रेम अधूनमधूनच साठवतात. मधल्या फ्रेममध्ये काय हलले, काय बदलले, एवढेच नोंदवतात. व्यासपीठावर उभ्या वक्त्याचे भाषण त्यामुळे थोडक्यात मावते. मिरवणुकीत गुलाल उधळला, की मात्र प्रत्येक कण वेगळा उडतो, आधीच्या फ्रेमचा आधार तुटतो आणि चित्रात चौकोन दिसू लागतात.

नाव बदलून एमकेव्हीचे एमपी४ केले, तर आत काहीच बदलत नाही. ‘कन्व्हर्ट’ केले, तर बहुतेक साधने चित्र नव्याने दाबतात आणि दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो. घरातल्या जुन्या डीव्हीडीच्या बाबतीत हे टाळायलाच हवे. तिच्यातले एमपेग-२ चित्रण एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने जसेच्या तसे एमकेव्हीत हलवता येते. फक्त कंटेनर बदलतो. कोडेक कोणता आहे, ते आधी मीडियाइन्फो किंवा व्हीएलसीमध्ये पाहावे.

चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तर एमपी४ अनेकदा उघडतच नाही. आतल्या माहितीची सूची बहुधा शेवटी लिहिली जाते, आणि तीच राहून गेलेली असते. चित्रण मात्र बरेचसे कार्डावर असते. त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेली दुसरी चांगली फाइल हाताशी असेल, तर तिच्या आधाराने काही साधने ही सूची पुन्हा बांधू शकतात. तोवर ती फाइल काढून टाकू नये आणि त्या कार्डावर नवे काही चित्रितही करू नये.